शेतकामाचे वर्गीकरण : काळ, कष्ट आणि मोल

१. प्रश्नाची मांडणी

शेतीतील कामे कोणती, असे विचारले की आपण पिकाच्या क्रमाने सांगू लागतो : नांगरणी, कुळवणी, पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी. क्रम बरोबर आहे, पण त्याने कामांची यादी होते, उलगडा होत नाही. नांगरट पंधरा दिवस लांबली तर फारसे बिघडत नाही; पेरणीचा वाफसा हुकला तर सबंध हंगाम हातचा जातो. नांगरामागे चालणारा उभा असतो, खुरपणारी दिवसभर उकिडवी असते. कुणी स्वतःच्या रानात राबतो, कुणी रोजाने, कुणी सालाने, तर कुणी उचल घेऊन. पिकाच्या क्रमात हे फरक दिसतच नाहीत.

सरकारी मोजणीचा निकष वेगळा आहे. जनगणना जमीन कसण्याच्या नात्यावरून माणसे वेगळी करते : एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला शेतमजूर. २०११ च्या गणनेत देशात ११.८८ कोटी शेतकरी आणि १४.४३ कोटी शेतमजूर नोंदले गेले. वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम मिळाले तर माणूस 'मुख्य' कामगार, कमी मिळाले तर 'सीमांत'. यातून काम कोण करतो ते कळते. तो नेमके काय करतो, कोणत्या घाईत करतो आणि त्यात शरीराचे काय होते, हे कळत नाही.

या लेखात शेतकाम चार निकषांवर तपासले आहे : कामाचे प्रयोजन, कामाला थांबण्याची मुभा, शरीराला पडणारा कष्ट, आणि काम करणाऱ्याचे रानाशी असलेले नाते. मुख्य उदाहरण सोलापूर, अहिल्यानगर, बीड या पट्ट्यातील रब्बी ज्वारीचे आहे. तुलनेसाठी कोकणातील भात, विदर्भातील कापूस आणि पश्चिम महाराष्ट्रातील ऊस घेतला आहे. चारही निकष एकत्र ठेवले की एक विसंगती समोर येते : ज्या कामावर पिकाचे भवितव्य आठवडेच्या आठवडे टांगलेले असते आणि ज्यात शरीर सर्वांत जास्त झिजते, त्यालाच आपण 'हलके काम' म्हणतो आणि सर्वांत कमी मोल देतो.

२. पहिला निकष : कामाचे प्रयोजन

(क) मशागत. रब्बीचे पीक निघाले की उन्हाळ्यात रान नांगरतात. उलटलेली ढेकळे उन्हात तापतात, हराळी-कुंद्याच्या काश्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वर येऊन सुकतात, हुमणीच्या अळ्या आणि किडींचे कोष उघडे पडतात आणि पक्षी ते वेचतात. त्यानंतर कुळवाच्या पाळ्या. विदर्भात याच अवजाराला वखर म्हणतात. कुळवाची पास ढेकळे फोडते, तण मुळातून कापते आणि वरचा थर मोकळा करते. रब्बीच्या रानात पावसाळाभर पीक नसले तरी काम थांबत नाही. पाऊस पडून वाफसा आला की पाळी द्यायची, म्हणजे तणाने ओल पिऊ नये आणि पुढचा पाऊस वाहून न जाता मुरावा. धसकटे वेचणे, शेणखताच्या गाड्या ओढून ते पांगवणे, फुटलेले बांध घालणे हीही मशागतच. डोंगराळ भागात तर रान घडवावे लागते. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी गावांत उतारावर भातखाचरे काढण्याची 'पडकई' ही एकमेकांच्या मदतीने उन्हाळ्यात करण्याची जुनी रीत आहे.

(ख) पेरणी आणि लावणी. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. काणी रोग येऊ नये म्हणून पेरण्यापूर्वी किलोभर बियाण्याला ४ ग्रॅम गंधक चोळतात. पुढचे काम पाभरीचे. चाड्यात बी सोडायचे, ते नळ्यांतून फणांमागे ओलीत पडते. यातले खरे कसब मुठीत असते. हेक्टरी १० किलो बियाणे म्हणजे एकराला ४ किलो. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर धरले तर एका एकरात ओळींची एकूण लांबी सुमारे ९ किलोमीटर भरते. चार किलो बी नऊ किलोमीटरवर सारखे पाडायचे म्हणजे मीटरला अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. मूठ सैल पडली तर ओळ दाटते, आखडली तर नांगे पडतात. चाड्यावर कित्येकदा घरची बाई असते आणि बैल पुरुष हाकतो. तरी 'पेरणी कोणी केली' या प्रश्नाला उत्तर मिळते ते बैल हाकणाऱ्याचे नाव.

भाताची रीत निराळी. कोकणात आधी राब भाजायचा, त्यावर रोपे वाढवायची, खाचरात चिखलणी करायची आणि साधारण तीन आठवड्यांची रोपे उपटून, मुठी बांधून लावणी करायची. कपाशीचे बी टोबतात, उसाची डोळ्यांची टिपरी सरीत दाबतात. पीक बदलले की अवजार बदलते, बसण्या-उठण्याची ढब बदलते आणि काम कोण करणार तेही बदलते.

(ग) आंतरमशागत. उगवणीनंतर पिकाला जागा, ओल आणि हवा मिळवून देणारी कामे या गटात येतात : विरळणी, नांगे भरणे, खुरपणी, कोळपणी. खुरपणीला सांगली-कोल्हापूरकडे भांगलण, मराठवाडा-विदर्भात निंदणी आणि कोकणात बेणणी म्हणतात. रब्बी ज्वारीत कोळपणीचे शास्त्र फार नेमके आहे. पीक तीन आठवड्यांचे झाले की पहिली कोळपणी फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात दुसरी पासेच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात तिसरी दातेरी कोळप्याने. तण काढणे हा यातला अर्धाच हेतू. काळी जमीन सुकताना भेगाळते आणि त्या भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. कोळप्याने वरची माती मोकळी होऊन भेगा बुजतात आणि जमिनीवर मातीचेच आच्छादन तयार होते. पाऊस संपल्यावर साठलेल्या ओलीवर जगणाऱ्या पिकाला हीच पाण्याची पाळी. म्हणूनच जाणते शेतकरी एका कोळपणीला अर्ध्या पाण्याचे मोल देतात.

(घ) पोषण आणि राखण. पाणी देणे, वरखत देणे, फवारणी करणे, पाखरे हाकणे आणि रानडुकरांपासून पीक सांभाळणे ही कामे पिकाच्या वाढीबरोबर चालतात. पाण्याची पाळी म्हणजे दारे धरणे : वाफा भरला की दार मोडून पुढच्या वाफ्यात पाणी घ्यायचे. शेतीपंपांना वीज रात्री मिळते तिथे हे काम अंधारात, चिखलात, सापा-विंचवांच्या सोबतीने होते. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायची. राखणीत हात कमी हलतात, पण लक्ष क्षणभरही हलून चालत नाही. अवधान हाही श्रमच आहे, हे या गटातून स्पष्ट होते.

(ङ) काढणी ते रास. रब्बी ज्वारीची ताटे अनेक भागांत मुळासकट उपटतात. पेंढ्या बांधायच्या, त्या वाळवायच्या, कणसे मोडायची, खळ्यावर मळायची, वाऱ्यावर उपणायची, रास करायची, कडबा रचायचा. पूर्वी तिवड्याभोवती बैलांची पात फिरे आणि वावडीवर उभे राहून धान्य वाऱ्याला देत. आता ते काम मळणी यंत्र करते. कापसाची काढणी मात्र एकदाच उरकत नाही. बोंडे टप्प्याटप्प्याने फुटतात, म्हणून तीन-चार वेळा किंवा त्याहून जास्त वेचण्या कराव्या लागतात.

(च) वर्षभराची निगा आणि नियोजन. जनावरांचे शेण, वैरण-पाणी, दूध, अवजारांची दुरुस्ती, बियाणे राखणे, कोणत्या रानात काय घालायचे ते ठरवणे, मजूर सांगून येणे, बाजार, बँक, सोसायटी, तलाठी कार्यालय यांच्या खेपा. हा गट पिकाच्या यादीत कधीच येत नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गाव-गाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे सविस्तर वर्णन केले आहे. त्या व्यवस्थेत पाभर जोडणारा सुतार, फाळ शेवटणारा लोहार आणि मोटेचे चामडे शिवणारा चांभार यांचा वाटा खळ्यावरच धान्यात निघत असे. त्या व्यवस्थेतील जातीची उतरंड अन्यायाची होती, यात शंका नाही. पण अवजाराची निगा हा शेतकामाचाच भाग आहे, एवढी समज तिच्या हिशेबात होती. आजच्या हिशेबात निगा आणि नियोजन जवळजवळ अदृश्य आहेत. उत्पादन खर्चाच्या शास्त्रात 'सी-३' नावाची एक संकल्पना आहे. तिच्यात शेतकऱ्याच्या व्यवस्थापनासाठी एकूण खर्चावर १० टक्के वाढ धरतात. हमीभावाच्या चर्चेत मात्र बहुधा 'ए-२ अधिक एफएल', म्हणजे प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी, एवढ्यावरच बोलणे थांबते.

३. दुसरा निकष : थांबण्याची मुभा

प्रयोजनावरून काम ओळखता येते. त्याचा ताण ओळखायचा तर ते किती थांबू शकते हे पाहावे लागते. या दृष्टीने शेतकामाचे चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग सवडीच्या कामांचा. उन्हाळी नांगरट, बांधबंदिस्ती, खत पांगवणे, विहिरीतला गाळ काढणे, खाचर दुरुस्त करणे. ही कामे महिना-दीड महिन्याच्या मुदतीत कधीही करता येतात.

दुसरा वर्ग हंगामी कामांचा. यांना दोन-चार आठवड्यांची मुदत असते : ज्वारीची काढणी, कापसाची वेचणी, उसाची बांधणी. उशीर झाला तर नुकसान होते, पण ते हळूहळू वाढत जाते.

तिसरा वर्ग घडीच्या कामांचा. यांची मुदत दिवसांत, कधी तासांत मोजतात. काळ्या रानात पाऊस झाल्यावर काही दिवस माती पायाला चिकटते, नंतर मोजके दिवस वाफसा राहतो, मग रान कडक होते. मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असतात तोच वाफसा, आणि पेरणी त्यातच उरकावी लागते. खरिपात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. म्हणजे घाई जितकी धोक्याची तितकीच दिरंगाईही. मुगाच्या शेंगा वाळल्या आणि त्यांवर पाऊस पडला की दाण्यांना कोंब फुटतात. सोयाबीन जास्त वाळले की शेंगा तडकून दाणे रानातच सांडतात. ऊस तुटला की त्यातील साखर घटू लागते, म्हणून तो चोवीस तासांच्या आत गाळपाला जावा लागतो.

चौथा वर्ग नित्याच्या कामांचा. म्हशीची धार, शेणकूर, वैरण, पाणी. यांना सण नाही, आजारपण नाही, रविवार नाही.

या वर्गीकरणावरून शेतीतील मजुरीच्या बऱ्याचशा संस्था उलगडतात. घडीच्या कामाची अडचण अशी की पाऊस सगळ्या गावावर एकाच दिवशी पडतो. वाफसा सगळ्यांच्या रानात जवळपास एकदमच येतो आणि प्रत्येकाला त्याच दिवशी बैल आणि माणसे लागतात. पैसा असला तरी हात मिळत नाहीत. सावड आणि इर्जिक याच गरजेतून आल्या. सावडीत दोन-तीन घरे बैल आणि माणसे एकत्र करतात आणि रानांमागून राने उरकतात. इर्जिकीत सारा गाव एका रानात उतरतो. मालक जेवण घालतो, भलरी म्हटली जाते आणि दिवसात काम फत्ते होते. नित्याच्या कामासाठी सालगडी आला : गुढीपाडव्याला साल ठरायचे आणि वर्षभर बैल, वैरण, दारे त्याच्याकडे. हंगामी कामासाठी रोजंदारी आली.

उरला सवडीचा काळ. या काळात भूमिहीनाला आणि कोरडवाहू शेतकऱ्याला कामच नसते. १९७२ च्या दुष्काळात हा प्रश्न उग्र झाला. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या योजनेतील कामे पाहा : बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहिरी, रस्ते. ही बहुतेक सवडीचीच कामे आहेत. रिकाम्या महिन्यांत मजुराला काम द्यायचे आणि त्याच कामातून पुढच्या हंगामासाठी ओल साठवायची, असा दुहेरी विचार त्यामागे होता. शेतकामाच्या काळाचे इतके अचूक भान सार्वजनिक धोरणात क्वचितच दिसते.

खुरपणीला मात्र या वर्गांत चुकीची जागा मिळत आली आहे. तण आज नाही तर उद्या काढता येईल, या समजुतीने ती सवडीच्या कामांत ढकलली जाते. प्रत्यक्षात पिकाचे पहिले पाच-सहा आठवडे हा तणाशी झुंजण्याचा काळ. त्या काळात हटलेल्या पिकाची भरपाई नंतर कितीही खुरपले तरी होत नाही. शिवाय खरिपात हाच काळ झडीचा. उघडीप मिळेल त्या दिवशी सगळ्या गावाला खुरपायला बाया हव्या असतात. म्हणजे खुरपणी दिसते सवडीची, चालते हंगामभर आणि आणीबाणी येते घडीच्या कामासारखी.

४. तिसरा निकष : शरीराचा कष्ट

गावात कामाचे दोन भाग सर्रास करतात : जड काम आणि हलके काम. नांगर, पाभर, पोती उचलणे हे जड. खुरपणी, लावणी, वेचणी हे हलके. एका क्षणाला लागणारी ताकद एवढीच या विभागणीची कसोटी आहे. ती पुरेशी आहे का, हे साध्या गणिताने तपासता येते.

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. नांगराचे तास १५ सेंटिमीटर रुंद धरले तर एकर नांगरायला सुमारे २७ किलोमीटर चालावे लागते. कुळवाची पास ६० सेंटिमीटरची असेल तर एका पाळीला पावणेसात किलोमीटर. तीन फणांच्या पाभरीने ४५ सेंटिमीटरच्या ओळी पेरायला ३ किलोमीटर. हे सगळे चालणे उभ्याने आहे आणि ओढण्याचे बळ बैलांचे आहे.

आता खुरपणी. त्याच ४५ सेंटिमीटरच्या ओळींत एकराला ९ किलोमीटर ओळ. हे अंतर उकिडवे बसून, गुडघ्यांत वाकून, हाताच्या पंजाएवढ्या टप्प्यांनी सरकत कापायचे आणि प्रत्येक टप्प्यावर पीक कोणते, तण कोणते हे ओळखायचे. इथे बैलाचे बळ नाही, बाईचे स्वतःचे आहे. हंगामात दोन खुरपण्या झाल्या तर १८ किलोमीटर.

भाताची लावणी २० बाय १५ सेंटिमीटरवर केली तर एकरात सुमारे १ लाख ३५ हजार चूड बसतात. कमरेत वाकून, पावसात इरले पाठीवर घेऊन, १ लाख ३५ हजार वेळा हात चिखलात घालायचा तेव्हा एक एकर लागतो. कपाशी ९० बाय ६० सेंटिमीटरवर असली तर एकरात साधारण साडेसात हजार झाडे. चार वेचण्या धरल्या तर तीस हजार वेळा एखाद्या झाडापुढे थांबायचे, बोंडाच्या टोकदार कडांतून बोटांनी कापूस काढायचा आणि ओटीत भरायचा. ओटीचे ओझे दिवस चढेल तसे वाढत जाते.

यावरून श्रमाचे तीन प्रकार वेगळे दिसतात. एक, जोराचा श्रम : थोडा वेळ, मोठी ताकद, मध्ये विसावा. दोन, आवर्तनाचा श्रम : प्रत्येक वेळी ताकद थोडी, पण तीच हालचाल हजारो वेळा आणि शरीर अवघडलेले. तीन, अवधानाचा श्रम : राखण, दारे धरणे, फवारणी, चाड्यावरची मूठ. 'जड' हा शब्द आपण फक्त पहिल्या प्रकाराला देतो. दुसऱ्या प्रकारात कंबर, गुडघे आणि बोटांची पेरे झिजतात. ही झीज उशिरा दिसते, म्हणून ती नाहीच असे धरले जाते.

तिसऱ्या प्रकाराची उपेक्षा जिवावर कशी बेतते, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्यापर्यंत वाढलेल्या कपाशीत, दमट हवेत, तोंडाला पुरेसे संरक्षण नसताना पाठीवरच्या पंपाने तीव्र कीटकनाशके मारणे हे प्रशिक्षण मागणारे काम आहे. आपण ते रोजंदारीवरच्या कुणालाही सांगायचे साधे काम मानत आलो.

५. चौथा निकष : काम करणाऱ्याचे नाते

तेच काम कुणाच्या नात्याने केले जाते यावर त्याचे मोल ठरते. ही नाती पाच प्रकारची.

घरचे काम : याला मजुरी नाही. खर्चाच्या हिशेबात ते धरले तरी हातात पैसा येत नाही. सावडीचे काम : याची फेड कामानेच होते. सालाचे काम : वर्षाचा आकडा एकच, म्हणून दिवसाच्या तासांना मर्यादा राहत नाही. रोजाचे काम : दिवस भरला की पैसे. आणि उक्ते काम, ज्याला काही भागांत गुत्ते म्हणतात : एकराला, क्विंटलला किंवा किलोला दर. कापूस किलोवर वेचला जातो. सोयाबीन एकरावर कापले जाते. उक्त्यात मजुराला वेगाने काम करून जास्त मिळवता येते. पण जेवणाची सुट्टी, लहान मुलाला पाजण्याचा वेळ, घटकाभराचा विसावा हे सारे मग त्याच्याच पदरच्या खर्चाने होते.

उक्त्याचे टोक ऊसतोडीत दिसते. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादम आधी उचल देतो आणि हंगामभर ती फेडायची असते. इथे मजुरीचे एकक माणूस नसून 'कोयता' आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस तोडणे, वाढे छाटणे, मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहनापर्यंत नेणे ही कामे दोघे मिळून करतात. मोबदला टनावर ठरतो आणि जोडीच्या नावे मांडला जातो. बाईचा रोज किती, या प्रश्नाला या हिशेबात उत्तरच नाही. ती गरोदर असो वा आजारी, खाडा झाला की अख्खा कोयता थांबतो. एकक ठरवण्याच्या पद्धतीतच तिचे श्रम पुसले जातात.

नात्याच्या या निकषावर स्त्री-पुरुष भेद ठळक होतो. २०११ च्या जनगणनेत काम करणाऱ्या पुरुषांपैकी २४.९ टक्के शेतमजूर होते. काम करणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण ४१.१ टक्के होते. समान कामाला समान वेतन देणारा कायदा १९७६ साली झाला. पण खुरपणी बायांची आणि नांगरट पुरुषांची अशी विभागणी आधीच झालेली असल्याने 'समान काम' हा प्रश्नच उभा राहत नाही. कामे वेगळी, म्हणून दर वेगळे, असे सांगून विषमता कायम ठेवता येते. त्यात घरकामाची भर. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. भाकरी बांधून रानात आलेल्या बाईचा दिवस रानात सुरू होत नाही आणि रानात संपतही नाही.

६. चारही निकष एकत्र

आता दोन कामे शेजारी ठेवू. उन्हाळी नांगरट : प्रयोजन मशागतीचे, काळ सवडीचा, श्रम जोराचा आणि तोही बैलाचा किंवा ट्रॅक्टरचा, दर चांगला. खुरपणी : प्रयोजन पीक जगवण्याचे, काळ आणीबाणीचा, श्रम आवर्तनाचा आणि अवधानाचाही, दर कमी. चारपैकी तीन निकषांवर खुरपणी वरचढ ठरते. चौथ्यावर, म्हणजे नात्यावरून ठरणाऱ्या दराच्या बाबतीत, मात्र ती खाली.

या दराचे समर्थन तीन कारणांनी करतात. पहिले, या कामाला ताकद लागत नाही. वरच्या गणितावरून ते टिकत नाही. दुसरे, याला कसब लागत नाही. पण दाट उगवलेल्या रानात ज्वारीचे कोवळे रोप आणि तसेच दिसणारे गवत वेगळे करणे, मुळाला धक्का न लावता तण उपटणे, विरळणी करताना कोणते रोप ठेवायचे ते क्षणात ठरवणे हे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. तिसरे, या कामाला माणसे पुष्कळ मिळतात. हे काही काळ खरे होते, आता नाही. खुरपायला बाया मिळत नाहीत ही आज प्रत्येक गावची तक्रार आहे. तरीही दर त्या प्रमाणात वाढले नाहीत. यावरून दिसते की मोल कामाच्या गुणांवरून ठरलेले नव्हते. ते काम करणारी कोण यावरून ठरलेले होते.

७. यंत्राची दिशा

हीच विसंगती यांत्रिकीकरणाच्या इतिहासातही आहे. काळ्या रानात लाकडी नांगराला अनेक बैलजोड्या जुंपाव्या लागत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून तो महाराष्ट्रभर गेला. पुढे मोटेची जागा इंजिनाने आणि विजेच्या पंपाने घेतली, पातीची जागा मळणी यंत्राने, नांगराची ट्रॅक्टरने. ही प्रगती मोलाची होती आणि तिने माणसांचे व जनावरांचे अपार कष्ट वाचवले. पण क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : यंत्र आधी जोराच्या श्रमाकडे गेले, म्हणजे मुख्यतः पुरुषांच्या कामाकडे. आवर्तनाच्या श्रमाकडे ते उशिरा आणि अपुरे आले.

जिथे आले तिथे बहुधा काम सोपे झाले नाही, ते नाहीसे झाले. तणनाशकाने खुरपणीचा त्रास वाचला, पण खुरपणारीचा रोजही गेला. फवारणीचे नवे काम पुरुषाच्या हाती आले. काम काढून घेणारे तंत्र आणि कष्ट कमी करणारे तंत्र यांत फरक आहे. उभ्याने ढकलायचे सायकल कोळपे किंवा कमी ओढीत कापणारा दातेरी विळा दुसऱ्या प्रकारात मोडतो : काम तिच्याच हाती राहते, कंबर वाचते आणि दिवसात उरकही जास्त होतो. अशा अवजारांना ट्रॅक्टरच्या मानाने किती थोडा पैसा लागतो! तरी अनुदानाच्या चर्चेत ती शेवटी येतात, कारण ज्या कामासाठी ती आहेत त्याला आपण आधीच हलके ठरवून मोकळे झालो आहोत.

८. निष्कर्ष

शेतकामाचे वर्गीकरण पिकाच्या क्रमाने करणे शिकवायला सोयीचे आहे. धोरणासाठी आणि न्यायासाठी ते अपुरे आहे. प्रयोजनाबरोबर काळ, कष्ट आणि नाते हे निकष धरले की काही गोष्टी करण्याजोग्या दिसू लागतात.

एक, रोजगार हमीचे वेळापत्रक गावाच्या पीकपद्धतीप्रमाणे, सवडीच्या महिन्यांत भरगच्च असावे. घडीच्या कामांच्या दिवसांशी त्याची ओढाताण होऊ नये. दोन, दर ठरवताना आवर्तनाचा आणि अवधानाचा श्रम मोजावा. ओळीची लांबी, चुडांची संख्या, झाडांची संख्या ही मापे शेतातच तयार आहेत. तीन, ऊसतोडीत 'कोयता' हे एकक मोडून स्त्री आणि पुरुष यांची नोंद आणि मोबदला वेगळा व्हावा. चार, फवारणी हे प्रशिक्षित काम मानून त्याचे साहित्य, वेळ आणि जबाबदारी ठरवून द्यावी. पाच, कृषी विद्यापीठांच्या अवजार संशोधनात उकिडव्या आणि ओणव्या कामांना पहिला क्रम मिळावा.

याची सुरुवात कुठल्याही शासन निर्णयाची वाट न पाहता घरच्या रानातून होऊ शकते. बी-बियाणे, खते, ट्रॅक्टरचे भाडे यांचा हिशेब वहीत असतोच. त्याच वहीत घरच्या बाईने किती ओळी खुरपल्या, किती वेचण्या केल्या, चाड्यावर मूठ कुणी धरली, हेही लिहावे. एका हंगामाची ही नोंद समोर असली की 'हलके काम' हा शब्द त्या घरात तरी पूर्वीइतक्या सहजपणे उच्चारला जाणार नाही, आणि पुढच्या हंगामाचे अवजार घेताना पहिला विचार तिच्या कमरेचा होईल.